न लागलेल्या तिकिटाची वाटणी

आई, तुझी बहीण उद्या माझ्याकडं राहायला येणार आहे. कायमची. तिच्या पोराला पुण्यात काम लागलंय. इथली भाड्याची खोली त्यानं सोडली, आणि तिकडं एका खोलीत बायको, दोन पोरं आणि म्हातारी बसत नाही म्हणतो. मी तिला ये म्हणून आले, आणि तेव्हापासून हाताला काही धरवत नाही. कुंभारीच्या ह्या दोन खोल्यांत सकाळपासून कॉट तीनदा सरकवली. भिंतीकडं केली की दार उघडत नाही, दाराकडं केली की मोरीला जाता येत नाही. आमचे मालक म्हणाले, कॉट आहे ती, देव्हारा नाही, ठेव कुठंतरी. तू असतीस तर उंबऱ्यात उभी राहून म्हणाली असतीस, तिला आत घेतीस तर मला बाहेर काढ. तुला न विचारता केलं. ते सांगायला बसले.

परवा कारखान्यात पोरींचं तुम्हा दोघींसारखंच चाललं होतं. मी आता टॉवेलच्या कडा शिवते, विड्या सोडून लई वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत एकीनं लॉटरीचं तिकीट काढून दाखवलं आणि सगळ्या सुटल्या. एकीला फ्लॅट पाहिजे, एकीला दिराच्या तोंडावर मोटारीची चावी फेकायची आहे. काकू तुम्ही काय करणार, म्हणून माझ्या मागं लागल्या. मी म्हटलं, गप जेवा, भात गार होतोय. हसल्या. काकूला स्वप्नं पण पडत नाहीत म्हणाल्या. आता त्यांना काय सांगायचं? मी वाढलेच लॉटरीच्या पैशावर. न लागलेल्या.

आपल्या जुन्या घराच्या अंगणात तुम्ही दोघी भिंतीला पाठ लावून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. माझी शाळा चौथीत सुटली ती ह्याच पानांसाठी. मी कातरायची, तुम्ही वळायच्या. दर महिन्याला दोघींत मिळून एक तिकीट यायचं, अर्धं तुझं, अर्धं तिचं, आणि ते तांदळाच्या डब्यात ठेवलं की त्याच दिवसापासून खर्च सुरू. हात विड्या वळतायत आणि तोंड घर बांधतंय. तू म्हणतेस, घरात आपला नळ पाहिजे, मध्यरात्री पण सोडून बघीन. मावशी म्हणती, मला एक दिवस गाडी करून अक्कलकोटला जायचंय, खिडकीपाशी बसून, आणि वाटेत कुणाला घ्यायचं न्हाय. तू म्हणतेस, पैशे आले की पहिल्यांदा विड्यांचं सूप त्या विड्या तपासून खराब म्हणून काढणाऱ्या चेकरच्या टेबलावर उपडं करणार, आणि म्हणणार, छाट काढतोस न्हवं, बस आता काढत. मावशी एवढी हसती की हातातली विडी सुटती. मग मला विचारता. मी म्हणते, मला वेगळी गादी. तर तू सुपावरनं हात उचलून माझ्या पाठीत दिलास. "मागायला पैशे पडत न्हाईत, आणि हितं पण गादीच मागतीस व्हय?" तो धपाटा मला अजून कळला नाही बघ. चुकलं काय होतं माझं? मला गादीच पाहिजे होती.

ज्या दिवशी मोडलं, त्या दिवशी मी पंधरा वर्षांची होते. सगळं मला दिसतंय. तुमचं घर पार छतापर्यंत आलं होतं. रस्त्याच्या कडेला, दोघींना दोन खोल्या, मध्ये पडवी. मावशी म्हणाली, चूल एकच बरी, मी एकटी बाई, माझ्यापुरती कुठं पेटवू? तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, पोरगं लहान होतं. तू म्हणालीस, नको, चुली दोन. ती म्हणाली, का? तुला काहीही सांगता आलं असतं. तिच्या हाताला तिखट जास्त म्हणाली असतीस तरी भागलं असतं. तू काय म्हणालीस?

"मग काय, जन्मभर माझ्या घरात बसून खाणार हायस व्हय?"

विडी अर्धी वळलेली ठेवून ती उठली. डब्यातनं तिकीट काढलं. "तुझं घर? अर्धं तिकीट माझं हाय." आणि मधोमध फाडलं की. आकड्यांचा पुढचा तुकडा तुझ्या सुपात टाकला, मागचा कनवटीला लावून गेली. विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायकांत दोन पार्ट्या पडल्या. कुणी म्हणायचं एक चूल बरोबर, कुणी दोन. वीट नाही, जागा नाही, आणि भांडण स्वयंपाकघरावरनं. हसणाऱ्या हसल्या. तुम्ही दोघी मात्र तू जाईपर्यंत, पंधरा वर्षं, बोलला नाहीत.

आणि तुझ्या डोक्यात बसलं की तेच तिकीट लागलं होतं. अर्ध्या आकड्यावरनं कळणार कसं? तिच्या दारात जाऊन विचारायचं तर तुझं नाक मोठं. माझ्या लग्नात ओटी भरताना नारळाखाली तू एक तिकीट सरकवलंस, नवीन, अख्खं. सासरी पदर सोडला तर तांदळातनं ते निघालं. सासू म्हणाली, सोनं नाही तर कागद दिला का आईनं? लई दिवस मला तेच ऐकवत होती. माहेरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडले. तू म्हणालीस, "ते लागलं न्हाई, आपलं आधीच लागून गेलंय. तिच्या कनवटीला हाय." दवाखान्यात होतीस तेव्हा पण तोंडात तेच. तिकीट, तुकडा, घर. तिचं नाव नाही. एकदा पण नाही.

तर आई, रविवारी मी तिच्याकडं गेले. खरं सांगते, तिनं नाही म्हणावं म्हणूनच गेले. तिच्या पोरानं फोन केला होता, लोक काय म्हणतील, म्हणून तोंड दाखवायला. ती दाराशी मेथी निवडत बसली होती. वाळलीये. नजर आहे तशीच, सुईसारखी. बस म्हणाली नाही. मी सरळ विचारलं, येतीस का माझ्याकडं? ती म्हणाली, "तिच्या लेकीच्या घरात मी बसून खाऊ? न्हाय यायची." झालं की. मी सुटले होते. पण मला खाज. मी विचारलं, त्या तुकड्याचं काय केलंस गं तू?

"सोडत झाली त्याच दिशी दुकानावर बघितलं. शेवटचा आकडाच जुळंना. चुलीत घातला."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"ती इचारायला आली व्हती का?"

माझ्या डोक्यात असा जाळ झाला. पंधरा वर्षं तू एका कागदाच्या कपट्यावर घर बांधत होतीस, आणि ही दोन गल्ल्या सोडून सगळं माहीत असून गप. मी उठले. एका पायात चप्पल घातली. तेवढ्यात मागनं तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"जाताना माझं नाव काढलं का गं तिनं?"

मी वळून पण बघितलं नाही. म्हटलं, काढलं. तिला बोलवा म्हणाली.

"मग बोलवलं का न्हाय मला?"

मी म्हटलं, माझंच चुकलं, मीच निरोप पाठवला नाही, माझा राग होता तुझ्यावर. तिनं मेथीची जुडी माझ्या अंगावर फेकली. भवानी म्हणाली, सटवी म्हणाली, ती गेल्यापासनं वीस वर्षं माझ्या छातीवर दगड ठेवलास म्हणाली. पोटभर शिव्या दिल्या. मग डोळे पुसले आणि आत जाऊन ट्रंक ओढली.

उद्या ती येणार. आल्यापासून तिचं एकच चालणार, आणखी काय म्हणाली, कसं म्हणाली, रडली का. रोज मला काहीतरी नवीन तुझ्या तोंडात घालावं लागणार. मला खोटं जमत नाही, तुला माहीत आहे. तू रागावणार, तेही माहीत आहे. रागाव. हा कागद कुठं टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, तेव्हा एक गोष्ट लिहूनच टाकते. तिचं नाव तू एकदा पण घेतलं नाहीस, असं वर लिहिलं ना, तेही पुरतं खरं नाही. तू गेलीस त्या घटकेला मी जवळ नव्हतेच. मालकांना, सासूला, सगळ्यांना सांगितलं की हात हातात होता. मी फाटकाबाहेर चहा प्यायला गेले होते. कंटाळले होते बसून. परत आले तर तोंडावर चादर. तेव्हा शेवटी तू कुणाचं नाव घेतलंस, मला ठाऊक नाही.