सात पाकळ्यांची जाळी

नाना, तुम्हाला सातच पाकळ्या का सुचल्या हो? सहाचं फूल शाळेच्या कंपासने कुठलंही पोर काढतं. वर्तुळ काढायचं, तेच माप घेऊन कडेने फिरायचं, बरोब्बर सहा होतात. पण सात? चार दिवस झाले, कॉम्प्युटरवर मी त्याच्याच मागे लागलेय. आमच्या बालवाडीतल्या पोरांसाठी हल्ली मी रंगवायची पानं करते. सामान काय, तर गोल, त्रिकोण, चौकोन, बास. एक गोल घ्यायचा, त्याची नक्कल करायची, जराशी फिरवायची, परत नक्कल. गोल एकमेकांवर चढले की मधे आपोआप पाकळ्या उमटतात. मी त्या काढलेल्याच नसतात आणि तरी त्या असतात! मला अजून त्याचं नवल वाटतं. तुम्ही असता तर खुर्ची ओढून बसला असता आणि माझ्या हातातला माऊस काढून घेतला असता.

तर सात. तीनशे साठाला सातने भागलं तर काही केल्या पुरं जात नाही. मी आपले एक्कावन्न अंश टाकले, म्हटलं एवढ्याने काय होतंय. सहा पाकळ्या छान बसल्या आणि सातवी जाडी झाली. मी बघतच राहिले. ही तर आपल्या सातपूरच्या खोलीतली, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी!

मी लहान आहे, रविवार आहे. तुम्ही कारखान्यातून मागून आणलेला पत्र्याचा उरलेला तुकडा फरशीवर ठेवलाय, निळा रंग फासून. कारखान्यात तुमचं कामच ते, पत्र्यावर आखणी करायची. तुम्ही आखाल तिथेच बाकीचे कापणार. हातात डिव्हायडर, तुमचा तो दोन टोकदार पायांचा, स्क्रूवाला कंपास. वर्तुळावरून फिरता, सातवं पाऊल चुकतं, स्क्रू केसभर फिरवता, परत फिरता. किती वेळ ते! शेवटी जमतं तेव्हा मलाच दम देता, "याला हात लावायचा नाय हां. मोडलेलं माप परत घावत नाय." मग त्याच मापाने फिरत चार खुणा पंचने ठोकता, तीन राहतात, आणि आई चहाला हाक मारते.

जाळी कापून खिडकीला लागली. सकाळी ऊन यायचं तेव्हा फरशीवर सात उजेडाच्या पाकळ्या पडायच्या आणि मी खडूने त्या रंगवायला बसायचे. रंगवून होईस्तोवर ऊन सरकलेलं असायचं, की चालले मी त्याच्यामागे. आई ओरडायची, "अगं चुलीत जाशील!" सातवी पाकळी माझी लाडकी, तिच्यात रंग जास्त मावायचा. तुम्ही मात्र तिच्याकडे बघून डोळे चोळायचात. मला वाटायचं, दमले असतील.

काल मी कॉम्प्युटरलाच सांगितलं, बाबा रे, तूच सात सारखे भाग कर. क्षणात झाले. इंदिरानगरच्या घरात आई आता माझ्याजवळ असते, तिला दाखवलं. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "लय सुंदर हे. पण त्यांचं नाय हे. त्यांची एक पाकळी जाड होती." मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तवाच म्हणले, आपली नजर गेली. दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगून आखणी सोडून आले. मग स्टोअरमध्येच बसले रिटायर होईस्तोवर."

नाना, मी तर समजत होते तुम्हाला स्टोअरमध्ये बढती मिळाली. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते.

आज मी परत एक्कावन्न टाकलं आणि ते पान छापून आईला दिलं. खिडकीशी बसून रंगवतेय ती. जाडी पाकळी तिने पिवळी केली, रेघेच्या बाहेर जाऊन. तिला मी अजून काही बोलले नाही. हा कागदही तिला दाखवणार नाही, आणि तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? हात लावलास का, असं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. दम दिला म्हणजे पोरगी ऐकणारच, हे तुम्ही धरूनच चाललात.

तुम्ही चहाला उठलात तेव्हा मी स्क्रू फिरवला होता, नाना. अर्धा वेढा, नुसतं काय होतं ते बघायला. तुमची नजर चांगली होती.