बिनऔषधाचं फुप्फुस

३ ऑगस्ट
आजही तेच. उंदराचं फुप्फुस काढून नळीला जोडलं, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडलं. निरोगी फुप्फुस हे संप्रेरक शोषून मोडून टाकतं. नैराश्यावरचं औषध दिलं की शोषण अडायला हवं. पण माझं बिनऔषधाचं फुप्फुसही ढिम्म! मग फरक दाखवू कशातला? थिसिस बोंबलली.
गाइड सर, सगळ्यांदेखत: "तुझा हातच वंगाळ हाय. गडहिंग्लजला घरी जा, भाकऱ्या थाप."
भाकऱ्याही येत नाहीत मला. ते सांगितलं नाही.

५ ऑगस्ट
आईचा फोन. "उंदीर मारायला एवढी वर्सं लागत्यात व्हय गं? तुझ्या बानं गोठ्यात घुशी मारल्या, डिग्री न्हाय मागितली."
हसले. फोन ठेवून रडले.

९ ऑगस्ट
सापडलं! हात नाही, केटामाइन. उंदराला भूल द्यायला वापरतो ते. तेच शोषण अडवतं. म्हणजे माझ्या प्रत्येक फुप्फुसाला आधीच औषध पोचलेलं. सगळे उंदीर फुकट मेले. आणि केटामाइन ठरवलं कुणी? सरांनी. शिव्या मला. त्यांनाच टोचावं एकदा, शांतता तरी मिळेल.

१० ऑगस्ट
सरांना सांगितलं. मिसळ खात होते. आधी कट ओतून घेतला.
"मंजुरी केटामाइनचीच हाय. दुसरी भूल पायजे तर प्राण्यांच्या कमिटीला अर्ज कर. दिवाळी उजाडंल."
थिसिस द्यायचीय सप्टेंबरात. मग काय करू, मी विचारलं.
"भूल दिऊच नगंस की. मान मोड सरळ."
पाव मोडता मोडता म्हणाले. नाही जमणार म्हटलं. अर्ज दिला.

२२ ऑगस्ट
अर्जाचं उत्तर नाही. आज मोडली. एकाचीच. जागा होता. बोटाला कडकडून चावला, मग… नको.
फुप्फुसानं आजवर कधी नाही इतकं शोषलं. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, उडीच मारली मी. बोटातून रक्त येत होतं, ते नंतर कळलं.
सर आले. आकडे बघितले. "बघ! सुधारला की हात!"
वर्षभरात पहिल्यांदा कौतुक. गोडही लागलं मेलं.

२३ ऑगस्ट
एका उंदरावर काही सिद्ध होत नाही. निदान सहा हवेत. पिंजऱ्यात सहाच उरलेत. सकाळी दाणे घातले तर जाळीतून माझं पट्टी बांधलेलं बोट हुंगायला आले.
जाताना सरांनी विचारलं, "उद्या किती धरायची?"
मागं लगेच नाही म्हटलं होतं. आज मी वहीत सहा रकाने आखले.