प्रभुभोजनाचा अर्धा तुकडा

खारघर, रविवार

प्रिय दादा,
सलाम.

आईने जाण्यापूर्वी शेवटचं प्रभुभोजन नीट घेतलं ना, असं तू फोनवर विचारलंस. मी हो म्हणाले. ते खोटं होतं.

पाळकसाहेबांनी तिच्या हातात प्रभुभोजनाची भाकर दिली आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. माझे डोळे उघडे होते. आईने अर्धा तुकडा तिच्या उशाशी बसलेल्या, तिला सांभाळणाऱ्या पुतळाबाईंच्या तोंडात घातला. म्हणाली, "सकाळपासून उपाशी आहे गं ही."

बाप्तिस्मा न झालेल्या बाईला प्रभुभोजन! आणि मी अडवलं नाही.

काल पुतळाबाई त्यांच्या दिवाळे गावाहून मासळी घेऊन आल्या. "ताय, मीनी तुमचे देवाचा परसाद खाल्ला, चालतं ना?" आपल्या श्रद्धेची कबुली, अख्खा विश्वासांगीकार, मला तोंडपाठ आहे, तरी मी नुसती मासळी धुवायला घेतली.

आणखी एक. आठ महिने आईचं हगणंमुतणं त्यांनीच काढलं. मी करते, असं तुला सांगायचे. पण मला ओकारी यायची.

तू स्वतः पाळक. कर्मांनी नाही, विश्वासानेच तारण, असं शिकवतोस. म्हणजे मी तरेन, त्या नाही. पण दादा, स्वर्गातही आई पुतळाबाईंनाच हाक मारेल, आणि समोर मी उभी असेन.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही.

तुझी,
शरयू