पहिल्या दिवसाचं ताट

४ नोव्हें., मंगळ.
शेवटी शेठला सांगितलं, सोडतो म्हणून. नांदेडच्या हॉटेलात जागा मिळतेय. शेठ चिडला नाही. "बदली मॅनेजर आणून बसवा अन् खुशाल जा." इथली रीतच आहे. मलाही आधीच्या मॅनेजरनं, देशमुखकाकांनी, असंच आणून बसवलं होतं.

६ नोव्हें.
परभणीत कुणी तयार नाही. आमच्या हॉटेलचं नाव काढलं की हसतात. वेटर टिकत नाहीत, आचारी टिकत नाही, मॅनेजर तर नाहीच. गिऱ्हाइकांसमोर शेठ मला काय काय बोलतो ते सुनंदाला आजवर सांगितलेलं नाही. बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं?
विलास आठवला. शाळेपासूनचा दोस्त. पालमला मंगल कार्यालय सांभाळतो. तिथं मालकसुद्धा त्याला विलासभाऊ म्हणतो.

८ नोव्हें., शनि.
एसटीनं पालमला गेलो. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली.
"शेठ कसा हाय?" विलासनं विचारलं.
"घरच्यावाणी वागवतो. लय दिलदार माणूस."
देशमुखकाका मला हेच म्हणाले होते, शब्दाला शब्द. वर बघवलं नाही, भाकरीकडे बघूनच बोललो.
"मग तू कामून सोडायलास?"
"पोरीला नांदेडला शिकवायचंय."
पोरगी शाळा सुटणार म्हणून दोन दिवस रुसून बसलीय. तिचंही नाव वापरलं मी.

११ नोव्हें.
विलासचा फोन. पालमचं काम सोडलं. मालक म्हणाला म्हणे, करमलं न्हाई तर वापस या. सुनंदानं विचारलं, "भाऊजींना समदं सांगितलंत ना?" हो म्हणालो. निर्लज्ज झालोय. नांदेडवाले सोमवारपर्यंतच थांबणार, एवढंच डोक्यात.

१५ नोव्हें., शनि.
विलास आला, नवा शर्ट घालून. शेठनं स्वतः खुर्ची ओढून दिली, शेजारी बसवून जेवू घातलं. नव्या मॅनेजरचं पहिलं ताट शेठच्या टेबलावर. दुसऱ्या दिवसापासून भटारखान्यामागं, उभ्यानं, जमेल तेव्हा, आणि एका हाकेत अर्धं टाकून पळायचं. माझ्या पहिल्या ताटाला देशमुखकाका पाणी वाढत होते, मान खाली घालून. तेव्हा वाटलं होतं, किती नम्र माणूस. आज पाण्याचा जग माझ्या हातात होता.
हात धुताना विलासनं खांद्यावर हात ठेवला. "दत्ता, चांगल्या जागी आणलंस गड्या. उद्यापासून आपुन जेवायला कधी बसायचं?"
तेवढ्यात शेठनं हाक मारली. बरं वाटलं मला, त्या हाकेचं. पहिल्यांदाच.
उद्या सकाळी चाव्या द्यायच्या. त्याआधी सांगितलं तर विलास पालमला परत जाईल आणि मी इथंच. नाही सांगितलं तर…
तो पुन्हा विचारणार. जेवायचं.