गोठलेल्या तळ्यावरची मारामारी

मिनेसोटा, मार्च

ती. आईस,
सप्रेम जय भीम. घाबरू नकोस, आम्ही दोघंही सुखरूप आहोत. तुझ्या जावयाच्या कपाळाला टाके पडलेत, पण डोळा वाचला.

रविवारी गोठलेल्या तळ्यात भोक पाडून आम्ही वॉलाय मासे धरत होतो. शेजारचा एक दारुडा "ही जागा माझी" म्हणत आला आणि त्याने बर्फ फोडायची पहार रोहनच्या डोक्यात घातली. दुसरा घाव हुकून बर्फावर बसला. मार्चचा पातळ बर्फ फुटला आणि तोच पाण्यात गेला.

रक्ताने माखलेल्या रोहनने पालथं पडून त्याची कॉलर धरली. मी किंचाळत होते, "सोड त्याला, मरू दे!"

रोहनने सोडलं नाही. माणूस वाचला.

कोथरूडला उकाडा सुरू झाला का? बाबांना रोहनचं सांग. मी काय किंचाळले, ते मात्र सांगू नकोस.

तुझी,
आम्रपाली