वरच्या मजल्यावरची काचेची शेगडी

माँट्रियल, सप्टेंबरअखेर
(द्राक्षांच्या पेट्या येऊन गेल्या, चिलटं अजून आहेत)

सौ. फिलोमेनाताईस धाकट्या निकोलाचा वाकून नमस्कार. (कंबरेमुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला मनातून समजून घ्यावा.) तुझा रक्तदाब ताळ्यावर असेल आणि एत्तोरेदाजींची पाठ त्यांना खुर्चीत बसू देत असेल अशी आशा करतो. तिकडे टोरांटोला टोमॅटो कसे झाले ते कळव. आमच्याकडे चांगले झाले, पण त्यांच्याकडे बघायला यंदा घरात कुणाला सवड नव्हती.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात त्या दोघी आहेत, आई आणि माझी बायको. मोबाइल घेऊन परसात गेलो की रोझाल्बा नेमकी खिडकी उघडते. आईला ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण ते डॉक्टरांचं मत झालं, माझं नव्हे. म्हणून तळघरात वाइनच्या पिंपावर फळी टाकून लिहितो आहे. मध्येच अक्षर तिरकं गेलं तर समजावं की वर खुर्ची सरकली आणि मी उठून जिन्याखाली कान देऊन आलो. सध्या माझं असंच चाललं आहे. एका जागी पाच मिनिटं टेकवत नाही.

आपल्या घराची रीत तुला सांगायला नको. बाबांनी घर बांधलं तेव्हापासून वरचं स्वयंपाकघर दाखवायचं आणि खालचं रांधायचं. तळघरात आईची विजेच्या वेटोळ्यांची जुनी शेगडी, काळी पडलेली, पण कधी दगा न देणारी. वर रोझाल्बाची चकचकीत ओटा, चकचकीत लाद्या (मीच बसवलेल्या, आणि आजवर एकीलाही तडा नाही, हे एत्तोरेदाजींच्या कानावर घालावं), आणि एक शेगडी, जी न वापरताच म्हातारी झाली. तिच्या ओव्हनमध्ये आमच्या लग्नातले काचेचे पेले होते. तर जूनमध्ये आई पावट्याच्या सुपाचं पातेलं घेऊन जिना चढत होती आणि वरून दुसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला. पातेलं सरळ राहिलं, गुडघा नाही राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद, कायमचा. म्हणजे रांधणं वर आलं. वरची शेगडी पेटवली तर आधी जळक्या रबराचा वास आला आणि मग सगळ्या घरातले दिवे गेले. पेलेही तिच्या आतच राहिले होते, पण त्याबद्दल आमच्याकडे बोलायचं नाही असं ठरलं आहे.

तेव्हा नवी शेगडी आणणं भाग पडलं. रोझाल्बाने जाहीर केलं की आणायची तर गुळगुळीत काचेची. वर वेटोळी नाहीत, फटी नाहीत, खाली सांडलेल्याचं तळं साचत नाही, एकदा फडकं फिरवलं की आरसा. आईने विचारलं, "आणि विस्तव?" रोझाल्बा म्हणाली, "विस्तव काचेखाली असतो, आई." आई म्हणाली, "मग भांडं वर कशाला ठेवायचं? शोभेला?"

दुकानात जाताना आईने एक मोठी कापडी पिशवी घेतली होती. मला वाटलं, बाहेर पडलोच आहोत तर येताना भाजी आणायची असेल. आत पोचल्यावर तिने पिशवीतून तिचं रश्श्याचं पातेलं काढलं (तेच, आजीकडून आलेलं, तळाला पोक आलेलं) आणि पहिल्याच काचेवर ठेवलं. मग बोटाने त्याला एक टिचकी मारली. पातेलं भोवऱ्यासारखं गरगर फिरलं, ताई. आजूबाजूची गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली. आईने पातेलं उचललं, पुढच्या शेगडीवर ठेवलं, पुन्हा टिचकी. अशी ती सबंध रांग फिरली. दुकानातला विक्रेता, बिचारा गोड पोरगा, तिच्या मागे पळत होता. "आजी, ओरखडा जाईल हो! या काचेला सपाट बुडाचीच भांडी लागतात." आई थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुझी आई सपाट बुडाच्या भांड्यात रांधते का रे?" तो म्हणाला, आमच्याकडे गॅस आहे. आईने माझ्याकडे वळून फक्त भुवई उंचावली. कोर्टात वकील उंचावतात तशी.

इकडे रोझाल्बाचं वेगळंच. ती शेगडी बघत नव्हती, शेगडीत बघत होती. प्रत्येक काळ्या काचेवर वाकायची, केस सारखे करायची आणि पुढे जायची. पांढरी काच तिने नाकारली (डाग दिसतात), करडी नाकारली (धूळ दिसत नाही, मग पुसलं हे कुणाला कळणार?), आणि शेवटी काळी घेतली, जिच्यावर डाग, धूळ, बोटांचे ठसे आणि माझा चेहरा, सगळंच दिसतं. डाव्या बाजूला दोन वलयं आहेत, लहान भांड्याला आतलं आणि मोठ्याला दोन्ही. विक्रेत्याने जाता जाता पुसायचं मलम आणि पात्याची एक खरवडणीही दिली. खरवडणी बघून मी हसलो. म्हटलं, लेका, उभा जन्म मी लाद्यांवरचं सिमेंट खरवडलंय, मला हे खेळणं काय देतोस! (हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.)

शेगडी घरी आली आणि तिच्यामागून नियम आले. भांडं सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं. बिडाचा तवा बंद. बूड ओलं असलेलं भांडं बंद. डाव चमचे काचेवर टेकवायचे नाहीत. काही सांडलं तर हात लावायचा नाही, आधी काच निवू द्यायची, मग मलम, मग फडकं, मग दुसरं कोरडं फडकं. आईची सगळी भांडी खाली गेली आणि वर सपाट बुडाची नवी आली, जी आईच्या मते भांडी नव्हतीच, ताटल्यांना कान लावले होते. शेगडी बंद केल्यावरही एक लाल दिवा जळत राहतो, काच तापलेली आहे हे सांगायला. आईला वाटलं, वीज वाया चालली आहे. ती तो दिवा विझेपर्यंत समोर बसून राहायची, आणि रोझाल्बाला वाटायचं, म्हातारी मुद्दाम पहारा देते आहे.

मग एक दिवस आईने नव्या भांड्यात रस्सा केला. थोडा उतू गेला. रोझाल्बा धावली, काही बोलली नाही, फक्त जोरात श्वास घेतला. तुला तिचा तो श्वास माहीत आहे. आईने चमचा खाली ठेवला (काचेवर नाही, नियम पाळून, ओट्यावर) आणि त्या दिवसापासून रांधणं सोडलं. अंगात कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायची, बसस्टँडवर बसावं तशी. "तुझा कुणावर राग आहे का गं?" असं विचारलं की म्हणायची, "माझा कशाला असेल? मी पाहुणी. पाहुण्याने शेगडीला हात लावू नये." रोझाल्बा डोळे पुसत मला म्हणायची, "मी त्यांना एक शब्द तरी बोलले का? सांग, बोलले का?" नव्हती बोलली. मी ब्रेड आणि चीज खाऊन दिवस काढत होतो. घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. वर गेलो की खाली यावंसं वाटायचं आणि खाली आलो की वर काय चाललंय या धास्तीने पुन्हा वर. त्याच दिवसांत आईने तुला फोन करून सांगितलं की मला टोरांटोला घेऊन जा, आणि तू शनिवारी गाडी घेऊन येते म्हणालीस. आईने मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, खिडकीबाहेर बघत. "फिलोमेनाची शेगडी जुनी आहे," एवढंच म्हणाली. आई या घरातून गेली, तीही शेगडीपायी, असं मी बाबांच्या थडग्यापुढे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

म्हणून रविवारी, दोघी चर्चला गेल्यावर (एकाच गाडीत, एक पुढे, एक मागे), मी ठरवलं की आपणच काहीतरी करायचं. वाइनसाठी काढलेल्या द्राक्षांचा ताजा रस खाली होताच. आईला तो आटवलेला, काकवीसारखा दाट झालेला किती आवडतो तुला ठाऊक आहे. म्हटलं, हा पाक वरच्या शेगडीवर करून दाखवायचा. आईला कळेल की या काचेवर सगळं होतं, रोझाल्बाला कळेल की काही बिघडत नाही, आणि दोघी येईपर्यंत घरात असा घमघमाट सुटेल की कोट काढल्याशिवाय इलाज नाही. मोठं पातेलं ठेवलं, दोन्ही वलयं लाल केली. रस उकळायला लागला. बाटली हवी म्हणून खाली आलो. खाली आलोच आहे तर पिंपाची तोटी गळते का पाहिली. गळत होती. ती घट्ट केली. मग वरून फसफस असा आवाज आला.

काय सांगू! अर्धा रस काचेवर, लाल वलयांवर काळा फेस, आणि धूर असा की धोक्याची घंटा वाजायला लागली. मी शेगडी बंद केली, आणि इथे माझ्या प्रामाणिकपणाने माझा घात केला. रोझाल्बाचा नियम आठवला: सांडलं की हात लावू नये, निवू द्यावं. मी हाताची घडी घालून, एका शिस्तीने, निवू दिलं. नियमाला एकच अपवाद आहे, साखरेचा, आणि तो पुस्तिकेत जाड अक्षरांत छापलेला आहे, हे मला नंतर मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. गोड पदार्थ सांडला तर गरम असतानाच सावधपणे काढायचा, नाहीतर निवताना तो काचेला धरतो आणि तिचा टवका काढतो. माझा पाक निवून दगड झाला. मी ते खेळणं घेऊन खरवडलं, हललं नाही. मग माझी लाद्यांची मोठी खरवडणी आणली. मग तारेची घासणी. माझ्यातला कारागीर जागा झाला होता, ताई, आणि तो झोपलेलाच बरा होता.

दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी घासणी हातात धरून घामाघूम होतो. काचेवर मधोमध काळं बेट आणि भोवती माझ्या हाताचे गोल गोल ओरखडे. रोझाल्बाने तो श्वाससुद्धा घेतला नाही. मला वाटलं आता ही रडणार, आणि आई म्हणणार, चल, मला आजच टोरांटोला सोड.

आईने कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "रोझाल्बा, ही शेगडी मंद कशी करायची?"

"आई, अहो, पुन्हा तापवली तर..."

"साखर आहे ती. साखर तापवल्याशिवाय सुटत नाही. तुझ्या नवऱ्याला हे कळत नाही, तुला तरी कळू दे."

रोझाल्बाने चष्मा लावला आणि पुस्तिका उघडली. मग पुढे जे झालं ते मी भिंतीला टेकून पाहिलं. एक वाचत होती, दुसरी जाड हातमोजे घालून खरवडत होती. "पातं आडवं धरायचं म्हणतात, आई." "पुस्तकाला सांग, त्याच्या जन्माआधीपासून मी बदामाची चिक्की फरशीवरून सोडवते आहे." पण आईने पातं आडवं केलं. पाक जरा मऊ झाला, कडेने उचलला, वाळलेल्या खपलीसारखा निघायला लागला. रोझाल्बा आईचं मनगट धरून होती, मध्येच आईच्या कपाळावरचा घाम तिने स्वतःच्या बाहीने पुसला. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा त्याच्याबरोबर काचेचा मसुराएवढा टवकाही निघाला. पूर्ण निवल्यावर दोघींनी तो खड्डा बोटाने चाचपून पाहिला. ओरखडे तर मोजण्यापलीकडे. मग रोझाल्बा एकदम हसायला लागली. खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गेली," म्हणाली, "एकदाची गेली! आता हिच्यावर काहीही रांधा, आई." आणि आईसुद्धा हसली. माझ्याकडे बोट दाखवून हसली.

तेव्हापासून आई रांधते. पहिल्याच दिवशी पावट्याचं सूप झालं, मग मिरच्या भरून, मग ससा. रात्रीची भांडी आवरली की दोघी मलमाची बाटली घेऊन शेगडीपुढे उभ्या राहतात. आई मलम लावते, रोझाल्बा पुसते, आणि उजेडात तिरपं बघून दोघी माझ्या ओरखड्यांना नावं ठेवतात. आई खिडकीशी बसते. तुझ्या कधी लक्षात आलं होतं का ताई, की तळघराच्या खिडकीतून इतकी वर्षं तिने रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय पाहिले? पायांवरून ती सबंध गल्ली ओळखायची. आता तिला चेहरे दिसतात. काल म्हणाली, "पायांनी बरी वाटायची गं ही माणसं." रोझाल्बा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

सगळं कसं छान झालं आहे. मी मजेत आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
निकोला

ता. क. : शनिवारी ठरल्याप्रमाणे नक्की ये. आईने ससा करायचं ठरवलं आहे. फक्त तिला न्यायचं काढू नकोस. ती स्वतः होऊन सांगणार नाही, कारण शब्द फिरवला असं होईल. तूच सांग की तुझ्याकडे तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीचा रंग वाळला नाही. रंग लावला नसशील तरी सांग.

पुन्हा ता. क. : वर "मजेत आहे" लिहिलं ते चुकून लिहिलं. त्या दोघींना इतक्या वर्षांत एकमेकींशी बोलायला विषय नव्हता, तो आता मिळाला आहे आणि तो विषय मी आहे. मला शेगडीपासून तीन लाद्या लांब उभं राहण्याचा हुकूम आहे. लाद्या मीच बसवलेल्या. सकाळची कॉफी खाली येऊन स्वतः करून घेतो. आत्ताही वर दोघी हसताहेत आणि कशाला ते ऐकू येत नाही. जिन्याखाली जाऊन आलो, तरी नाही.

शेवटचं : एवढ्या लांबून येऊन रिकामी गाडी घेऊन परत जाणं तुझ्या जिवावर येईल. आईने भरलेली बॅग परवा रिकामी केली, ती इथेच पडली होती, म्हणून तिच्यात माझे चार कपडे भरून ठेवले आहेत. मला फार जागा लागत नाही. तुझ्या शेगडीला हात लावणार नाही. हे रोझाल्बाला कळू देऊ नकोस, आधी ती "जाऊ नकोस" म्हणते का ते मला बघायचं आहे.