चौसष्ट नळ्या आणि सहा दहाचं फूल

१२ जानेवारी, सोम. (अकोला)
चाचणी पुन्हा लटकली. एका जोडणीतून चौसष्ट प्रवाह एकाच वेळी चालायला हवेत. एकातून एक्स-रे, दुसऱ्यातून डॉक्टरची चिठ्ठी, तिसऱ्यातून आवाज, आणि कोणी कोणाची वाट अडवायची नाही. मध्ये सर्व्हर नाही, अंजनगावच्या दवाखान्यातलं यंत्र थेट अकोल्याच्या डॉक्टरच्या यंत्राशी बोलणार. मजकूर लहान होता तोवर सगळं हिरवं, म्हणजे पास. आज खऱ्या एक्स-रेएवढा टाकला आणि संपलं. लाल नाही, हिरवं नाही. नुसतं थांबलेलं. वीस मिनिटं पाहिलं, मग बंद केलं.

हे प्रवाह चालवणारा कोड, म्हणजे आमची लायब्ररी, मोहोड काकांची, म्हणजे आश्चर्य नाही. वीस वर्षं शाळेत तासिकेवर गणित शिकवलं, पन्नाशीला घरी बसून प्रोग्रामिंग शिकले, आणि आमच्या मालकांनी, राऊत सरांनी, त्यांच्या हातात कंपनीचा गाभा दिला. प्रवाहाला हे ‘nali’ म्हणतात. वाचायच्या टोकाला ‘tond’. एका वेळी किती घ्यायचं त्याला ‘ghot’. जगात कुठे असं लिहितात? बोरवेलचं काम वाटतं.

१३ जाने., मंगळ. (घरून, अमरावती)
आज पाच वेळा चालवली, पाचही वेळा अडकली. मोहोड फोनवर म्हणतात, “माया दोन फोनवर तं मस्त चालून राहिलं, मॅडम.” दोन फोनवर! यांच्या दोन फोनवर सगळंच मस्त चालतं. मी सांगितलं, दोन फोन म्हणजे पुरावा नव्हे. फोन ठेवल्यावर स्वतःशी जरा जोरात हसले. बाबा म्हणाले, “काय झालं वं?” काही नाही म्हटलं.

१४ जाने., बुध. (अकोला)
संक्रांत. मोहोड घरून डबाभर तिळगूळ घेऊन आले. मुर्तिजापूरहून येतात, माझ्याच गाडीत. ते चढतात म्हणून मी मुद्दाम शेवटच्या डब्यात बसते. ऐंशी मिनिटांच्या प्रवासातली शेवटची चाळीस त्यांच्या मुलीच्या बारावीवर घालवायची माझी तयारी नाही.

लाडू देताना हळूच म्हणाले, “काल पाठवलं ते वाचलं का मॅडम?”
“हो,” म्हटलं.
वाचलं नव्हतं. या माणसाचं काही वाचणं मी दिवाळीतच सोडलंय. रोज सकाळी सहा दहाला फूल येतं. गुलाब, कमळ, कधी दवबिंदूसकट मोगरा, वर ‘शुभ प्रभात’, खाली सुविचार. गेल्या दिवाळीत सलग चार फुलं आली तेव्हा त्यांचा आवाज बंद केला आणि चॅट अर्काइव्हमध्ये ढकलून दिलं. आयुष्यात घेतलेल्या थोड्या शहाण्या निर्णयांपैकी एक.

लाडू मात्र चांगला होता. दोन खाल्ले.

१६ जाने., शुक्र. (अकोला)
पुण्याचे सल्लागार पडद्यावर अवतरले. मागे पुस्तकांची मांडणी, हातात मोठा मग. लटकलेली चाचणी चार मिनिटं पाहिली आणि “मूळ रचनाच चुकली आहे” असा निकाल दिला. कोड उघडलासुद्धा नाही. ‘nali’ ऐकून मात्र हसले. मीही हसले त्यांच्याबरोबर. राऊत सरांना पुण्याहून काहीही आलं की ते देवाघरून आल्यासारखं वाटतं.

मोहोड मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसले होते. शाळेतली सवय. वहीला ब्राऊन कव्हर घातलंय. कव्हर!

१९ जाने., सोम. (अकोला)
अहवाल दिला. दोन पानं. ‘मोठा मजकूर असताना प्रवाह एकमेकांना अडवतात, दोष लायब्ररीच्या गाभ्यात, दवाखान्यांत लावण्यास अयोग्य.’ खाली माझं नाव, शुभांगी वानखडे, चाचणीप्रमुख. (चाचणीत आहे मी एकटीच. प्रमुख कोणाची, देव जाणे.) ५ फेब्रुवारीला डॉक्टरांसमोर चालवून दाखवायचंय.

सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मोहोड शांतपणे म्हणाले, “मी मॅडमले लेखी देलं हाय सर. दोष काहून वाटून राहिला ते. त्याइनं वाचलं.”
सर माझ्याकडे वळले. “वाचलं का?”
“वाचलं,” मी म्हटलं. “त्यात काही तथ्य नाही.”
शब्द तोंडातून इतके सहज आले. मोहोडांनी एकदा पाहिलं माझ्याकडे. मग म्हणाले, “बरं. मॅडमचा अभ्यास जास्त हाय.”
टोमणा असता तर बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

२१ जाने., बुध. (अकोला)
मोहोडांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सरांनी सांगितलं, पण कारण म्हणून माझा अहवाल टेबलावर ठेवून. मोहोडांनी स्वतःचा कप धुतला, पुसला, वही पिशवीत टाकली. टेबलावरची धूळसुद्धा रुमालाने झटकली. जाताना माझ्यापाशी थांबले.
“तुमी वाचलं होतं नं, मॅडम? मंग ठीक हाय. चूक असन तं असन माई.”
मी हो म्हणून मान हलवली. ते गेले.
सरांनी पुण्याहून तयार लायब्ररी आणायचं ठरवलंय. दोन आठवड्यांत बसवून होईल म्हणे. यांना दोन आठवड्यांत खुर्चीचं चाक बदलता येत नाही.

२३ जाने., शुक्र. (अकोला)
मुर्तिजापूर. ते चढणार नाहीत हे माहीत असूनही शेवटच्याच डब्यात बसले होते. नवी लायब्ररी लावली. चाचणी लटकली. तीच चाचणी, तसाच गळा आवळल्यासारखा पडदा. पुण्याच्या सल्लागारांना कळवलं. ते म्हणाले, तुमची यंत्रं जुनी आहेत. कमाल आहे या माणसाची.

पण एक कळेना. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या लायब्रऱ्या नेमक्या एकाच ठिकाणी कशा थांबतात?

२५ जाने., रवि. (घरी)
आज दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, काय अडलंय इतके दिवस. बाबा टेलिफोन खात्यात होते, अमरावतीच्या एक्सचेंजला ट्रंक कॉल जोडायचे. आता सत्तरी पार. त्यांना काय कळणार, असं मनात म्हणतच सांगितलं. एक तार, चौसष्ट बोलणी. मी प्रत्येकात पूर्ण मजकूर लिहिते, सगळं लिहून झालं की दुसऱ्या टोकाला वाचायला लावते, आणि मग जुळतं का पाहते.

बाबांचा घास हातातच राहिला.
“मंग तो वाचनारा केव्हा येते?”
“लिहून झाल्यावर. सांगितलं ना.”
“अन् लिवनाऱ्याले जागा किती?”
“ठरलेली. ती भरली की वाचणारा रिकामी करेपर्यंत थांबायचं. असंच असतं ते.”
“तं मंग?” बाबा म्हणाले. “लिवनारा वाचनाऱ्यासाठी थांबला. वाचनारा लिवनं संपन्याची वाट पाहून राहिला. मी ट्रंक जोडली का पयले विचारो, हालो, आयकू येते का? त्यानं हाव म्हटलं का मंग दुसऱ्याले बोला म्हनो. तू तं सगळं बोलून घेऊन मंग त्याच्या कानाले फोन लावून राहिली.”

वरण गार झालं. मी उठले, लॅपटॉप उघडला. वाचणं आधी सुरू केलं, लिहिणं त्याच्या जोडीने. तीन ओळी इकडच्या तिकडे. बाकी काही नाही.

नऊ सेकंदांत हिरवी. नव्या लायब्ररीवर. मग मोहोडांची जुनी काढली, ‘nali’, ‘tond’, ‘ghot’ सगळ्यांसकट. तीही हिरवी. सात सेकंदांत.

मुद्दाम दहा प्रवाह न वाचता सोडले. मोहोडांच्या लायब्ररीत ते दहाच थांबले, बाकीचे चोपन्न सुखात चालले. अगदी असंच व्हायला हवं होतं. लहान मजकुरात माझी चूक झाकली जात होती, कारण तो त्या एका घोटात मावत होता. घोट! किती बरोबर शब्द आहे तो.

मला लाज वाटली. इतरांचा राग करायची इतकी सवय आहे की लाज वाटायला किती वेळ लागतो तेच मला माहीत नव्हतं. फार वेळ लागत नाही.

२६ जाने., सोम. (घरी, सुट्टी)
अर्काइव्ह उघडलं. मोहोड. न वाचलेले ९३. बोटाने वर वर सरकत गेले. गुलाब. गुलाब. कमळ. एक सूर्यफूल, ‘हसत राहा’. आणि १३ तारखेला, मोगऱ्याच्या खाली, हा मजकूर. तसाच उतरवते.

‘नमस्कार मॅडम. आपल्या चाचणीत वाचणारे टोक लिहिणे संपल्यावर सुरू होते. मजकूर घोटापेक्षा मोठा झाला की दोघे एकमेकांची वाट पाहतात. चूक माझ्या समजण्यात असू शकते. ओळ ४१ ते ४३ पाहाव्या. सरांसमोर बोलण्यापेक्षा आपल्याला आधी सांगणे बरे वाटले. आपला, मोहोड.’

ओळ ४१ ते ४३. काल मी बदलल्या त्याच तीन.

त्यांनी मला चारचौघांत पाडायचं नाही म्हणून खासगीत लिहिलं. आणि मी चारचौघांत म्हटलं, त्यात काही तथ्य नाही.

शेवटचं फूल २१ तारखेचं, सकाळी सहा दहाचं. शेवंती. त्यानंतर काही नाही.

२७ जाने., मंगळ. (अकोला, मुद्दाम गेले)
राऊत सरांना सगळं सांगितलं. चाचणी चुकीची होती, हे सांगायला सोपं गेलं. दुसरं जड गेलं. “मी त्यांचं वाचलं नव्हतं. केबिनमध्ये खोटं बोलले.”
सरांनी पेनचं टोपण लावलं. “आता मी त्याले कोन्या तोंडानं बोलावू? पुन्यावाल्याले काय सांगू?”
पुण्याला काय सांगायचं, हीच यांची पहिली काळजी.
मी लेखी दिलं. दोन ओळी, खाली नाव. या वेळी प्रमुख लिहिलं नाही. सर कागद वाचून म्हणाले, “ठेवतो. पन तुह्या कागदानं गेला तो. आता तूच आन. पाच तारखेच्या आंधी आला तं आला. नाई तं पुन्याचंच लावू.”
माणूस मोठा बेरकी आहे. पण या वेळी चुकीचा नाही.

२८ जाने., बुध.
तीनदा फोन केला. वाजतो, कोणी उचलत नाही. मग लिहिलं. चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं, कारण माझ्या प्रत्येक वाक्यात ‘पण’ येत होतं. शेवटी पाठवलं ते असं:
‘काका, ओळ ४१ ते ४३ तुम्ही म्हणालात तेच. मी तुमचा मजकूर वाचलाच नव्हता आणि वाचला म्हणून खोटं बोलले. सरांना लेखी दिलंय. परत या. शुभांगी.’
पहिल्यांदाच काका लिहिलं. एरवी डायरीत लिहिते, तोंडावर कधी नाही.
दोन टिका. निळ्या नाहीत, म्हणजे वाचलेलं नाही.

३० जाने., शुक्र.
आज गाडीत मधल्या डब्यात बसले, ते चढायचे त्या. मुर्तिजापूरला दारात उभी राहून फलाट पाहिला. कचोरीवाला, दोन पोलीस, कापसाच्या गाठींवर ताडपत्री. ते नव्हते. कशाला असतील?
समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, “कोनाले पाहून राहिल्या?” मी म्हटलं, ऑफिसातले आहेत एक. त्या म्हणाल्या, “ते वहीवाले मास्तर का? पोरीच्या बारावीचं लय सांगत. हप्ता झाला, दिसले नाई.”
म्हणजे मुलीची बारावी या बाईंना माहीत होती. मी टाळलं ते त्यांनी रोज ऐकलं होतं.
टिका तशाच.

१ फेब्रु., रवि. (घरी)
सकाळी पाच पन्नासला जाग आली. गजर लावलेला नव्हता. चॅट अर्काइव्हमधून काढून सगळ्यात वर आणून ठेवलंय, आवाज चालू केलाय. बाबा बाहेर पेपरची वाट पाहत बसले होते. म्हणाले, “फोनकडे काय टकटक पाहून राहिली? कोनाचा येनार हाय?”
“एक फूल यायचंय,” मी म्हटलं.
बाबांनी पुढे विचारलं नाही. ट्रंकवर असताना दुसऱ्याचं बोलणं कानी आलं तरी ते असेच गप्प राहत असतील.

सहा. सहा पाच. सहा दहा.
नाही.
सहा बाराला मीच पाठवलं. शोधायला वेळ लागला, यातला मला काही अनुभव नाही. पिवळी शेवंती, खाली ‘शुभ प्रभात’. सुविचार नसलेलं निवडलं.
सहा पंधराला टिका निळ्या झाल्या. फुलाच्याही, आणि २८ तारखेच्या मजकुराच्याही.
नावाखाली ‘टाइप करत आहे’ आलं. गेलं. पुन्हा आलं.
आता सात वाजलेत. अजून काही आलेलं नाही. मी ऐकतेय.